गरिबीची समक्ष पाहणी

गरिबी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खरी मानू नये, हे तत्त्व सोलापुरातल्या शुक्रवार पेठेच्या होतकरू विद्यार्थी साहाय्यक निधीने फार पूर्वीच स्वीकारलं होतं. कागदावर काय, कुणीही गरीब होऊ शकतो. मामलेदार कचेरीत एखादा ओळखीचा असला की पुरतं. म्हणून निधीची तीन जणांची कमिटी अर्जदाराच्या घरी जाऊन, बसून, चहूकडे नजर टाकून गरिबी आहे की नाही याची खात्री करून घेत असे. दहा वर्षांत एकशे चाळीस अर्ज आले आणि त्यातून अकरा गरीब निघाले. उरलेले एकशे एकोणतीस जण तोपर्यंत स्वतःला उगीचच गरीब समजत होते. त्यांचा हा गैरसमज निधीने एक पैसाही न आकारता दूर केला.

१९७४ सालच्या जुलैत ही कमिटी गिरिजाबाईंच्या घरी यायची होती. गिरिजाबाईंचे यजमान चन्नप्पा आडत दुकानात मापाडी होते, घर दोन खोल्यांचं होतं, आणि थोरल्या हेमावतीचा मेडिकलला नंबर लागला होता. त्या गल्लीतून मेडिकलला निघालेली ती पहिलीच मुलगी. फी महिनाअखेरपर्यंत भरायची होती, नाहीतर जागा पुढच्या नंबराला जाणार होती.

पैसे उभे करायला मार्ग तसे पुष्कळ होते. सरकारी शिष्यवृत्ती होती. ती पहिल्या वर्षाची तिसऱ्या वर्षी हातात पडायची (त्यामुळे विद्यार्थ्याला धीर धरण्याचं शिक्षण वेगळी फी न भरता मिळत असे). बँकेचं कर्ज होतं. आपल्याला कर्जाची मुळीच गरज नाही असं ज्याला सिद्ध करता येई, त्याला ते ताबडतोब मिळे. श्रीमंत मामा असणं हाही एक खात्रीचा मार्ग होता, पण मामासाठी अर्ज करायची सोय नव्हती. राहता राहिला निधी.

कमिटी येणार हे कळल्यावर गिरिजाबाईंना त्यातली एकच गोष्ट समजली, ती म्हणजे आपल्या दारात मोठी माणसं येणार. अध्यक्ष वीरभद्रप्पा, कापडाचे व्यापारी. सेक्रेटरी शरणप्पा गुरुजी, रिटायर झालेले हेडमास्तर. आणि करमाळ्याहून येऊन पेठेत स्थायिक झालेले कंत्राटदार हिंदुराव. हेमावती म्हणाली, घर आहे तसं राहू दे, त्यांना तेच बघायचं आहे. गिरिजाबाईंनी लेकीकडे असं पाहिलं की जणू तिने पाहुण्यांना उंबऱ्याबाहेर बसवायला सांगितलं असावं.

"दारात माणसं आल्यावर अब्रू झाकायची असती," त्या म्हणाल्या, "उघडी करून दाखवायची नसती."

मग त्या मागच्या दाराने निंगव्वाकडे गेल्या. निंगव्वा ही त्यांची लहानपणापासूनची मैत्रीण आणि आता अध्यक्ष वीरभद्रप्पांची बायको. तिने नवऱ्याला काही न सांगता एक शिसवी खुर्ची, टेबलफॅन, चिनी मातीच्या कपबशा आणि घडीसुद्धा न मोडलेली चादर पाठवली, वर वाटीभर तूप. "आमच्या मालकास्नी कळू देऊ नगंस," एवढंच तिने बजावलं. गिरिजाबाईंनी तिला तसा शब्द दिला.

कमिटी आली. गिरिजाबाईंनी दारातच कानडीत 'बर्री, बर्री' (या, या) करून स्वागत केलं. अध्यक्षांना अर्थातच खुर्ची दिली. ती त्यांची स्वतःची होती, पण त्यांनी ती ओळखली नाही, आणि यात नवल काही नव्हतं. त्यांच्या घरी ती जावयासाठी राखून ठेवलेली होती, वर्षभर तिच्यावर खोळ असे, आणि मालक स्वतः तिच्यावर कधी टेकलेले नव्हते. बसल्यावर त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवरून हात फिरवला आणि असली ऐसपैस खुर्ची हल्ली बघायला मिळत नाही असं सांगितलं. मग शेंगापोळ्या आल्या, त्यांवर तूप आलं. हिंदुरावांनी चार खाल्ल्या. गुरुजींनी दोनच खाल्ल्या, पण दोन खिशात नेल्या (नातवासाठी). जाताना तिघांनीही गिरिजाबाईंच्या हाताला चव आहे असं एकमताने ठरवलं आणि बाहेर पडून अर्ज नामंजूर केला. कारण सरळ होतं: शिसवी खुर्ची, वीजपंखा, तूपपोळी. परिस्थिती समाधानकारक.

मात्र निधी निष्ठुर नव्हता. फेरतपासणीची तरतूद नियमातच होती. हेमावतीने त्याच दिवशी फेरअर्ज केला आणि या वेळी सगळी सूत्रं स्वतःकडे घेतली. उसनं आणलेलं सगळं निंगव्वाकडे परत गेलं. जमिनीवर रोजची सतरंजी आली, तिची फाटकी बाजू वर करून. चहा करायचा नाही, असं गिरिजाबाईंना दोनदा सांगितलं. कमिटी आल्यावर त्या चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसल्या, कारण समोर बसवत नव्हतं. हिंदुराव घाम पुसताहेत हे त्यांना पाठमोऱ्या बसूनसुद्धा कळत होतं. तीन माणसं कोरड्या तोंडाने आपल्या घरात बसली आहेत, या विचाराने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चन्नप्पांच्या धाकट्या भावाच्या लग्नात दागिने मोडले तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या.

घर पाहून शरणप्पा गुरुजी गंभीर झाले. आठ दिवसांत एवढी गरिबी येत नसते, असं त्यांनी अनुभवाने सांगितलं. मागच्या वेळी होतं ते यावेळी नाही, त्याअर्थी ते दडवलं आहे. दडवलं आहे, त्याअर्थी अर्जदार श्रीमंत तर आहेच, शिवाय लबाडही आहे. अध्यक्षांना जास्त दुःख खुर्चीचं झालं.

"ती खुर्ची कुटं गेली, गिरिजाबाई?" त्यांनी विचारलं.

गिरिजाबाईंपाशी एका वाक्याचं उत्तर होतं. त्या एका वाक्याने लेकीची फी भरली गेली असती, असं त्यांना वाटत होतं. पण शब्द दिलेला होता. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. गुरुजींनी या मौनाचीही नोंद घेतली.

मग हेमावती पुढे झाली. "काका, खुर्ची तुमचीच हाय. घरी गेलाव की खोळ काढून बगा. पंका बी तुमचाच, कपबशा बी तुमच्याच. आमचं म्हनून त्या दिवशी हितं फकस्त शेंगाचं कूट हुतं."

वीरभद्रप्पा माणूस वाईट नव्हता. त्यांचा चेहरा उतरला आणि क्षणभर असं वाटलं, की आता सगळं जुळून येणार. पण संस्था म्हटली की ती एका माणसाच्या चेहऱ्यावर चालत नसते. गुरुजींनी चष्मा पुसून नियम सात सांगितला: कमिटीच्या कोणत्याही सभासदाचे आप्त अथवा घरोब्यातले लोक मदतीस अपात्र राहतील. अध्यक्षांची खुर्ची ज्या घरात जाते, पंखा जातो, तूपसुद्धा जातं, त्या घराशी घरोबा नाही असं कोण म्हणेल? अर्जदार गरीब आहे, हे आता मान्य करायला कमिटीची काहीच हरकत नव्हती. नाव बाद झालं ते या अडचणीमुळे. आपल्या माणसांना मदत केली असा ठपका निधीवर कधीच आला नाही, तो यामुळेच.

महिना संपला. हेमावतीची जागा पुढच्या नंबराला, अकलूजच्या एका मुलाला मिळाली. त्याचे वडील त्याला जीपगाडीतून पोचवायला गेले; त्यांच्या घरी कधी कुणी तपासणीला आलं नव्हतं. हेमावती फीमाफीवर इथल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला बसली. त्या दिवशी ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली आणि जेवली नाही. तिला फार वाईट वाटलं होतं आणि त्यावर निधीत कसलीच तरतूद नव्हती.

पेठेतही सगळ्यांना वाईट वाटलं. जो तो म्हणाला, आम्हाला कळलं असतं तर आम्ही दिले असते की पैसे. पण येणं-जाणं असूनही कळलं नाही. त्या घरात गेलं की चहा पुढे यायचा, मग कळणार कसं? तुम्हालाही हे वाचून वाईट वाटलं असेल. एकच सांगा, आजवर ज्यांच्या ज्यांच्या घरी तुम्ही पोटभर खाऊन आलात, त्यांतल्या कुणाची चूल दुसऱ्या दिवशी उशिरा पेटली असेल, असं उठताना कधी मनात आलं होतं का? आलं नसेल तर तुमची नजर निधीला हवी तशीच तयार आहे. या वर्षी कमिटीत एक जागा रिकामी आहे.