गोदाक्काचा खोकला

एका जंगलात, बाळांनो, तळ्याकाठी चितळांचा कळप चरायचा. वर ऐनाच्या शेंड्यावर गोदाक्का नावाची म्हातारी वानरीण पहाऱ्याला बसायची. बिबट्या दिसला की ती खोकायची, "खक्! खक्!" की कळपाने धूम ठोकलीच. कधी कधी नुसता वाराच निघायचा. तरी पळावं लागायचं.

कळपाचे प्रमुख शिंगाजीराव यांना ही फुकटची धावपळ सलत होती. त्यांनी सल्लागार बोलावले. कोल्हेसाहेब.

"तुमचं मूळ काम कोणतं?" कोल्हेसाहेबांनी विचारलं.

"चरणं."

"मग पहारा स्वतःकडे कशाला ठेवलात? बाहेर देऊन टाका. टेकडीपलीकडचे पोपट निम्म्या बोरांत करतील."

झालं. गोदाक्काला नारळ मिळाला. वर सांगण्यात आलं, "जाण्याआधी पोपटांना तेवढं खोकायला शिकवा."

तिला फार लागलं. पण प्रश्न कळपाच्या जिवाचा होता. घसा बसेपर्यंत तिने शिकवलं.

पोपट हुशार होते, पण त्यांच्याकडे सात जंगलांचं काम. त्यांनी हे काम परस्पर पुढे दिलं. ज्याला दिलं त्याने एक बोरही मागितलं नाही. शिवाय बिबट्या कधी, कुठून येणार याची त्याला खडान्‌खडा माहिती होती.

एका दुपारी ओढ्यापलीकडच्या जांभळीवरून गोदाक्काला गवत हलताना दिसलं. मग ठिपके दिसले.

"खक्! खक्!" ती जीव तोडून ओरडली.

कळपाने माना वर केल्या. कवडी नावाची हरिणी तर पळायलाच लागली.

"थांबा!" शिंगाजीराव म्हणाले. "त्या बाईंचा आता काही संबंध नाही. अधिकृत सूचना येऊ द्या."

सूचना लगेच आली. गवतातूनच आली. आवाज जरा जाडा होता.

"सर्व ठीक आहे. कृपया चरत राहा."

कवडी माघारी आली. तिने गवतात तोंड घातलं.

गोदाक्काने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. कोल्हेसाहेबांनी अहवाल वाचला. सूचना वेळेत मिळाली. भाषा नम्र होती. सूचना देणारा स्वतः जागेवर हजर होता, हे विशेष. गोंधळ झाला तो बाहेरच्या खोकल्यामुळे.

सगळ्यांनी माना डोलावल्या. करार वाढवण्यात आला. गोदाक्काला खोकायची बंदी झाली.

तात्पर्य: काम नेहमी अशालाच द्यावं, ज्याला त्यात मनापासून गोडी आहे.