बँकेपासून दोनशे मीटर दक्षिणेला

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आमच्या सान गोन्सालोच्या नगरपालिकेत कुठलाही कागद तीन मिनिटांत शोधून देणारी बाई एकच, आणि ती मी! एकोणीसशे नव्वदचा घरपट्टीचा दाखला मागा, गुरांच्या बाजाराचा ठराव मागा, डोळे मिटून देईन. त्यामुळे नगराध्यक्षांनी जेव्हा मला केबिनमध्ये बोलावून म्हटलं, "सेइदीबाई, आपली वेबसाइट म्हणजे अडगळीची खोली झालीय, जरा आवरता का?" तेव्हा मी "बघते" वगैरे म्हटलंच नाही. म्हटलं, "शुक्रवारपर्यंत झालं म्हणून समजा!"

दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. लॉगिन मिळालं. आत शिरले आणि मारियामाते, काय तो पसारा! आठ वर्षांपूर्वीच्या जत्रेचं पान अजून 'लवकरच येत आहे' म्हणत होतं. गुरांच्या डॉक्टरांची तीन पानं, तिन्हींवर वेगळे फोन नंबर. एका हरवलेल्या गाईची सूचना पहिल्याच पानावर झळकत होती. ती गाय सापडली होती, विकली गेली होती आणि म्हातारी होऊन मेलीही होती.

मी पदर खोचला. म्हणजे पदर नाही, बाह्या सरसावल्या. विभाग पाडले: खाणं, दुरुस्ती, आरोग्य, देवधर्म. गावातल्या सत्तेचाळीस दुकानांसाठी एकच साचा केला. वर फोटो, खाली दोन ओळी, त्याखाली पत्ता. शुक्रवारची कशाला, बुधवारीच सगळी पानं दिमाखात उभी राहिली!

आता खरं सांगू? हे मी नगराध्यक्षांसाठी करत नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीसाठी करत होते.

फ्लोरीताईची खाणावळ आहे. हायवे गावाबाहेरून गेला तेव्हापासून तिच्याकडे गिऱ्हाईक म्हणजे दोन पोलीस, एक शाळामास्तर आणि फुकट कॉफी प्यायला येणारी मी. शेवटी वैतागून तिने ठरवलं होतं, डिसेंबरात कुलूप लावायचं आणि राजधानीत मुलाकडे, ऑस्करकडे, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाऊन राहायचं. मी वरवर "जा की, लिफ्ट आहे, मजा कर" म्हणत होते. आतून मात्र माझं काळीज तुटत होतं. अहो, आईवडील गेल्यावर या जगात मला 'मूर्ख' म्हणायचा हक्क असलेलं हे एकच माणूस उरलंय!

तर मी तिच्या पानावर जीव ओतला. चिकनभाताचा वाफाळता फोटो टाकला. कच्च्या पपईच्या भाजीबद्दल असं काही लिहिलं की ते वाचून मलाच भूक लागली. आणि काय आश्चर्य, दुसऱ्याच दिवशी सकाळी ताईला फोन! कार्तागो शहरातल्या पेन्शनरांच्या मंडळाच्या एर्मिन्दाबाई बोलत होत्या. रविवारी दुपारी बारा वाजता बत्तीस माणसं बसने जेवायला येणार. आवडलं तर दर महिन्याला येणार!

ताईने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "सेइदी, ऐकून ठेव. हे बत्तीस जण खूश होऊन गेले तर मी गाव सोडत नाही. नाहीतर सोमवारी ऑस्करला कळवते."

"खूश होतीलच! कुणाची वेबसाइट आहे?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण आवरणाऱ्या बाईला थांबता येत असतं तर आणखी काय हवं होतं! त्याच दुपारी मी पत्ते वाचत बसले. आमच्या गावात रस्त्यांना नावं नाहीत आणि घरांना नंबर नाहीत. एक खूण धरायची आणि तिथून मोजायचं. शंभर मीटर म्हणजे एक चौक, मग तो चौक ऐंशी मीटरचा असो की दीडशेचा. ताईची खाणावळ म्हणजे जुन्या डेअरीपासून दोनशे मीटर दक्षिणेला आणि पन्नास मीटर पश्चिमेला. न्हाव्याचं दुकान जुन्या डेअरीपासून शंभर उत्तरेला. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस पत्ते जुन्या डेअरीपासून!

आणि ती डेअरी पाडून झाली बावीस वर्षं. तिथे आता पेरूचं झाड आहे आणि त्याखाली दोन बकऱ्या. आम्हाला काय, आम्ही डेअरी बघितलेली माणसं. पण कार्तागोचा ड्रायव्हर काय बकऱ्यांना विचारणार?

म्हटलं, छे! असल्या पाडलेल्या खुणा आपल्या वेबसाइटवर शोभत नाहीत. गावात झकपक नवीन बँक झालीय, काचेची, लांबून दिसते. ती खूण धरू! आणि या प्रणालीची गंमत अशी की खूण एकाच जागी लिहून ठेवलेली असते. तिथे बदलली की सगळ्या पानांवर आपोआप बदलते. मी 'जुनी डेअरी' खोडलं, 'नवीन बँक' लिहिलं आणि 'प्रकाशित करा'चं बटण दाबलं. एका फटक्यात सत्तेचाळीस पानं! त्या आनंदात मी दोन वेळा कॉफी प्यायले.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. खूण बदलली, पण त्यापुढचे मीटर तसेच राहिले. आणि बँक आहे डेअरीच्या तीन चौक पूर्वेला! म्हणजे बटण दाबल्याबरोबर अख्खं सान गोन्सालो उठून तीनशे मीटर पूर्वेला सरकलं. न्हावी गेला कब्रस्तानात. दातांचे डॉक्टर गेले गुरांच्या डॉक्टरांकडे. पाद्रीबाबांचं घर थेट दारूच्या दुकानात.

शुक्रवारी गुरांच्या डॉक्टरांचा फोन आला. "सेइदीबाई, इथे परगावचा एक माणूस आलाय. अक्कलदाढ काढा म्हणतो. जायलाच तयार नाही!"

"काय एकेक लोक असतात!" मी म्हटलं.

शनिवारी न्हावी कुरकुरत आला. बाहेरगावचं एक गिऱ्हाईक म्हणे फुलं विकणाऱ्या बाईला विचारत होतं, "इथे केस कापायला किती वेळ थांबावं लागतं?" कब्रस्तानाच्या दारात! मी कपाळावर हात मारला आणि म्हटलं, "या शहरातल्या लोकांना साधे शंभर मीटर मोजता येत नाहीत." नम्रपणा हा माझा गुण नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल.

रविवार उजाडला. ताई पहाटेपासून चुलीशी उभी. चिकनभाताचं पातेलं एवढं मोठं की त्यात मी बसले असते. पपईची भाजी, केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाल, दालचिनी घातलेली तांदळाची खीर. टेबलांवर नवं कापड अंथरलं. ताईने तर लिपस्टिक लावली होती, तीही तेरा वर्षांनी!

बारा वाजले. सव्वाबारा झाले. साडेबारा.

"येतील गं, म्हातारी माणसं आहेत," मी म्हटलं.

पाऊण वाजला. ताईने एप्रन सोडला आणि घडी घालायला लागली. अगदी हळू, कोपऱ्याला कोपरा लावून. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण नाही. "राहू दे सेइदी," एवढंच म्हणाली. "तू केलंस तेवढं खूप केलंस."

तेवढ्यात क्लेमेन्सियाकाकूंची नणंद धापा टाकत दारात! क्लेमेन्सियाकाकूंचा नवरा, आमचे खोगीरवाले एलिएसेरकाका, आदल्याच आठवड्यात वारले होते. त्या रविवारी त्यांच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी आमच्याकडे येईल त्याला जेवू घालायचं असतं.

"फ्लोरी! घरात असेल नसेल ते खायला दे! आम्ही वीस माणसांचा स्वयंपाक केला होता. पण एलिएसेरसाठी कार्तागोहून बस भरून माणसं आलीत!"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे. डोक्यात पाढा सुरू झाला: बँकेपासून दोनशे दक्षिणेला, पन्नास पश्चिमेला... क्लेमेन्सियाकाकूंचं अंगण!

"सेइदी," ताई म्हणाली, "काय केलंस तू?"

"आवरलं," मी म्हटलं.

"मूर्ख!" ताई म्हणाली आणि पातेल्याचा एक कान तिने धरला. "बघत काय उभी राहिलीस? दुसरा धर!"

जेवायला म्हणून आलेल्या दोन पोलिसांनी तामालची टोपली आणि खीर उचलली आणि आमची वरात तीन चौक निघाली.

काकूंच्या अंगणात ताडपत्री, भाड्याच्या खुर्च्या आणि चुलीवर मोठमोठी भांडी. ड्रायव्हरला तरी काय दोष द्यायचा, कुणालाही खाणावळच वाटली असती! बत्तीस म्हातारे हातात ताटं घेऊन बसले होते. आणि त्यांच्या मधोमध क्लेमेन्सियाकाकू, काळ्या कपड्यांत, पण चेहरा असा उजळलेला की काय सांगू!

"सेइदी, बघितलंस ना?" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "चाळीस वर्षं म्हणायचा, मला कोण ओळखतं? मी मेलो तर चार माणसं तरी येतील का? रोज संध्याकाळी अकराच जण यायचे गं प्रार्थनेला. आणि आज बघ! बस भरून!"

एलिएसेरकाका दिवसाला मोजून दोन शब्द बोलायचे, आणि त्यातला एक खोगिराशी. गावाच्या वेशीबाहेर ते कधी गेले नव्हते.

पलीकडे एका आजोबांनी काकूंच्या पुतण्याला विचारलं, "इथली खासियत काय?"

"खोगीर," पुतण्या डोळे पुसत म्हणाला. "तसं खोगीर आता कुणाला जमायचं नाही."

आजोबा विचारात पडले. "भाताबरोबर देतात का?"

मी धावले. त्यांच्या ताटात ताईचा चिकनभात वाढला आणि त्यांचं तोंड बंद केलं. तोवर दुसरे आजोबा मोठ्याने, "अहो, बिल कुणाकडे मागायचं?" मी त्यांना दंडाला धरून पेरूच्या... नाही, पेरू डेअरीपाशी. लिंबाच्या झाडामागे नेलं. तिथे आधीच एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या. त्या एर्मिन्दाबाई होत्या.

मी हात जोडले. "बाई, माझं चुकलं. पत्ता चुकला. ही खाणावळ नाही हो, हे तर..."

"कळलंय मला," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही पेन्शनर आहोत, आंधळे नाही. उतरल्यावर फोटो आणि मेणबत्त्या दिसल्या, वाटलं मालकाचे वडील असतील. जपमाळ सुरू झाली, वाटलं इथे जेवणाआधी प्रार्थना करतात, छान आहे. पण 'याच्या आत्म्याला शांती दे' हे तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा समजलं."

"मग उठला का नाहीत?"

"उठतच होते. तेवढ्यात त्या काळ्या कपड्यांतल्या बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, 'तुम्ही इतक्या लांबून त्यांच्यासाठी आलात?' आता तुम्हीच सांगा, काय म्हणायचं होतं मी? नाही हो, चिकनभातासाठी?"

मला हसूही येईना आणि रडूही आवरेना.

"आणि आता पंचाईत अशी आहे," त्या म्हणाल्या, "त्यांनी आम्हाला दर महिन्याच्या प्रार्थनेला बोलावलंय. सगळे हो म्हणालेत. दोघांना ऐकू येत नाही, तेही हो म्हणालेत. तेव्हा आम्ही दर महिन्याला येणार, पण इथेच. स्वयंपाक मात्र तुमच्या बहिणीचाच हवा. हिशोब मी तिच्याशी परस्पर बघते, त्या बाईंच्या कानावर जाता कामा नये."

बस गेली तेव्हा काकू हात हलवत रस्त्यापर्यंत चालत गेल्या. ताई आणि मी अंगणातल्या नळावर पातेलं घासत बसलो.

मी भीत भीत विचारलं, "मग? उद्या ऑस्करला कळवतेस?"

"कळवते," ताई म्हणाली. "म्हणावं, येत नाही. दर महिन्याला बत्तीस माणसं जेवायला आणि क्लेमेन्सियाला साधा भात मोकळा करता येत नाही. मी गेले तर बिचाऱ्या एलिएसेरची अब्रू जाईल!"

मी पातेल्यात तोंड घालून रडले. आवाज घुमला, पण त्याला इलाज नव्हता.

सोमवारी सकाळी आठाच्या आत मी खूण पुन्हा पहिल्यासारखी केली. न्हावी कब्रस्तानातून परतला, पाद्रीबाबा दारूच्या दुकानातून सुटले. एकेक पान तपासत सत्तेचाळिसाव्या, म्हणजे ताईच्या पानाशी आले तोच तिचा फोन. "माझ्या पत्त्याला बोट लावलंस तर याद राख! बस चुकून माझ्या दारात आली तर क्लेमेन्सियाला काय सांगशील?" मग तेवढ्या एका पानावर मी 'नवीन बँकेपासून' असं हाताने लिहून टाकलं. जाणूनबुजून चुकीचा पत्ता लिहिताना जिवावर आलं, पण लिहिला.

गेल्या आठवड्यात नगराध्यक्षांनी भर बैठकीत आकड्यांचा कागद वर धरला. म्हणाले, "सेइदीबाई, आपल्या सत्तेचाळीस पानांमधून गावात खरोखर माणसं आणणारं पान एकच आहे. फ्लोरीबाईंचं! त्यात तुम्ही असं काय विशेष केलंत, ते सगळ्यांना सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वहीत काहीतरी शोधल्यासारखं केलं.

"काही नाही साहेब," मी म्हटलं. "तेवढंच एक आवरायचं राहून गेलंय."