भिवाजीरावांनी टोपडे सर केले

॥ श्री ॥ मुक्काम डिलाईल रोड, पिंपळवाली चाळ, येथील समस्त वडीलधारी, लेकुरवाळी व नळावर भांडणारी मंडळी यांचे सेवेशी, दुसऱ्या मजल्यावरील टोकाच्या खोलीत राहून सर्वांचे सर्व ऐकणारा आज्ञाधारक याची विनंती ऐसीजे. राजश्री भिवाजीराव साचेवाले यांणी आपल्या कन्येचे टोपडे स्वहस्ते सर केले, त्या मामल्यास पुष्कळ वर्षे लोटली, आणि अलीकडे कित्येक नादान लोक, ज्यांचा ते समयी जन्मही जाहाला नव्हता, ते टोपडे दादरास दुकानात मिळाले ऐसी आवई उठवितात. सबब चाळीची आज्ञा जाहाली की घडले ते साद्यंत लिहावे, पदरचे मीठमसाला घालू नये. आज्ञा शिरसावंद्य. मीठ घातले नाही. मसाला किंचित पडला आहे, तो गोड मानून घ्यावा.

दुर्मती नाम संवत्सरी पौषमासी गिरणगावात संप होऊन कापड विणणारे तमाम साचे थांबले. महिनाभराचा मामला, ऐसा सर्वांचा अदमास होता. मग पाडवा गेला, आणि गोकुळाष्टमी गेली, आणि दिवाळीचे कंदील उतरले, तरी भोंगा काही वाजला नाही. भिवाजीराव हे साचाखात्यातील नामजाद असामी, मिशी झुबकेदार, आवाज साच्यांच्या खडखडाटात कमावलेला, म्हणोन घरात मीठ मागितले तरी रस्त्यावरचा माणूस वळून पाहे. त्यांच्या हाताची एक गाठ मशहूर होती. धागा तुटला की पापणी लवण्याच्या आत ती बसावी, डोळ्यांस दिसू नये आणि ओढली की अधिकच आवळावी. साचे थांबले तरी हात थांबेनात. भिवाजीरावांनी चादरीतून धागे उपसून त्यांस गाठी मारिल्या, आणि पतंगाच्या मांजास मारिल्या, आणि एके दिवशी शेजारीण मातुश्री काशीबाई यांच्या वाळत घातलेल्या परकराच्या नाडीस ऐसी गाठ मारिली की बाईंचे हळदीकुंकू चुकले आणि दोन्ही घरांचा जाबसाल आठवडाभर बंद पडला.

ते समयी भिवाजीरावांचे कुटुंब सौभाग्यवती मंजुळाबाई सातव्या महिन्यात होत्या, आणि ऐशा अवस्थेतही पापड लाटून ठाकूरद्वारापावेतो पोहोचवीत होत्या, आणि संसाराचा गाडा त्या पापडांवरच चालला होता, हे सर्वांस ठाऊक होते व भिवाजीरावांस सर्वांहून अधिक ठाऊक होते. पूर्वी चाळीत कोणाचे मूल जन्मले की त्याचे पहिले कापड भिवाजीरावांच्या गिरणीतले असावे, ऐसा शिरस्ताच पडला होता. आता स्वतःच्या घरी पाळणा हलणार आणि त्यांच्या हाती चिंधी नव्हती. तेव्हा भर गॅलरीत उभे राहून त्यांणी जाहीर केले की साचेवाल्याचे लेकरू उसन्या टोपड्यात निजणार नाही, टोपडे आम्ही स्वहस्ते विणू, तेही लोकरीचे. मुंबईस थंडी येते ती रजेवर आलेल्या पाव्हण्यासारखी, चार दिवस राहून निघून जाते, तेव्हा लोकरीचे प्रयोजन काय, हे पुसण्याची कोणाची छाती जाहाली नाही. भिवाजीरावांनी जन्मात सुई धरली नव्हती. परंतु पैज लागली ती लागली.

मग मसलत होऊन मंजुळाबाईंच्या शिष्टाईने ठाकूरद्वारच्या आनंदीबाई यांचे दरबारी रुजू व्हावे ऐसे ठरले. आनंदीबाई विणकामाचा वर्ग घरीच चालवीत, शिकणाऱ्या सर्व बायका, आणि यजमान माधवराव कचेरीतील कारकून, स्वभावे गरीब. पहिले दिवशी माधवराव कचेरीतून आले तो दारातल्या स्टुलावर झुबकेदार मिशीचा इसम जिभेचे टोक बाहेर काढून सुलट टाका घालीत बसलेला. घर चुकले समजोन ते बिचारे जिना उतरून गेले आणि पाटी वाचून पुन्हा वर आले. बाईंचे फर्मान निघाले की टाका सैल घालावा, लोकर म्हणजे बैलाचा कासरा नव्हे. भिवाजीरावांनी टाके ऐसे आवळले की सुई वाकली. दुसरी सुई आली, तीही वाकली. टाके मधूनच फितूर होऊन सुईवरून उड्या टाकीत, आणि खालच्या सगळ्या ओळी त्यांच्यामागे निघून जात, आणि वर्गातील बायका पदराआड हसत. परंतु भिवाजीराव मागे हटले नाहीत. पुढे उलट टाका काबीज जाहाला, दोन्ही बाजूंच्या कडा सरळ येऊ लागल्या, आणि ऐसी तरतरी आली की ते परतीच्या वाटेवर चालता चालताही विणीत. एकाच गोष्टीत त्यांणी गुरूची अवज्ञा केली. लोकर संपली की नवी लोकर गाठ न मारता विणीत घ्यावी, ऐसे आनंदीबाईंचे म्हणणे. भिवाजीराव मान डोलावीत आणि आपली साचेवाल्याची गाठ मारून मोकळे होत.

लोकरीची रसद चाळीने पुरविली. कोणी जुना स्वेटर दिला, कोणी बाही दिली, खुद्द काशीबाईंनी नाडीचे वैर विसरून यजमानांचा मफलर उसवून दिला, आणि भिवाजीरावांनी सर्व रंग एकाच पट्टीत विणिले. पट्टी वीतभर जाहाली, तेवढ्यात टोपडे होते. पट्टी हातभर जाहाली. भिवाजीराव नळाच्या रांगेत विणीत, दुधाच्या रांगेत विणीत, आणि गिरणीच्या फाटकावर सभा भरे तेथेही विणीत, आणि टाळ्या वाजविण्याची वेळ आली की सुया बगलेत धरीत. मग पट्टीने स्वतःचा उंबरठा ओलांडिला, काशीबाईंचे दार घेतले, जिन्याचे तोंड घेतले, आणि लोक चपला हाती घेऊन तिजवरून जाऊ लागले. कोणी पुसले की टोपडे कधी, तर उत्तर मिळे की थोडे राहिले.

पौषात मंजुळाबाई प्रसूत होऊन कन्यारत्न जाहाले. मालवणाहून मातुश्री राधाबाई, भिवाजीरावांच्या सासूबाई, सुक्या बांगड्यांचे गाठोडे घेऊन बारशास दाखल जाहाल्या. त्यांणी गॅलरीत पाऊल ठेविले, पट्टीचे एक टोक पाहिले, दुसऱ्या टोकापावेतो चालत गेल्या, आणि तेथे बसलेल्या जावयास बोलिल्या, "चेडवाक टोपडां व्हया रे, मारुतीची शेपटी नको."

सारी चाळ हसली. भिवाजीरावांनी मान खाली घालून पुढली ओळ सुरू केली. बारसे दुसरे दिवशी होते. इतक्यात काशीबाई आपल्या नातवाचे टोपडे घेऊन आल्या, धुतलेले, इस्त्री केलेले, चांगल्या मनाने आणिलेले. आणि ज्या गनिमाच्या धास्तीने दोन महिने मोहीम चालली तो उसन्या टोपड्याचा गनीम घरात येऊन फळीवर बसला. मंजुळाबाईंनी त्यास हात लाविला नाही. आईस एवढेच सांगितले, "बारसां उद्या हा. उद्यापर्यंत मी वाट बघतंय." आणि लागलीच ठाकूरद्वारी निरोप धाडिला.

बारशाचे दिवशी सकाळीच आनंदीबाई खासा स्वारी करून आल्या, पट्टी पाहून कपाळास हात लाविला, आणि पुसिले की टाके बंद करून पट्टी संपविली का नाही. बंद करणे वर्गात शिकविले होते, परंतु ते दिवशी भिवाजीराव खिडकीबाहेर पाहात होते. भिवाजीरावांनी सांगितले की साचाखात्यात कापड संपविणे हे साचेवाल्याचे कामच नव्हे. बीमच्या रुळावर सूत आहे तोवर साचा चालतो, आणि कापड कापून त्याचे ताके कोठे पाडतात ते त्यास दिसतही नाही. सुया हातात तशाच होत्या. मग जो आवाज रस्त्यापावेतो जात असे तो इतका खाली आला की कान देऊन ऐकावा लागला.

"बाई, एकदा आपल्या हातानं थांबवलं ना, की परत सुरू होत नाय. साचा थांबवला तेव्हा वाटलं होतं, महिन्याभराचं काम."

गॅलरीत साचेवाले पुष्कळ उभे होते. कोणी पायाच्या नखाने फरशी उकरू लागला, कोणी गिरणीच्या चिमणीकडे पाहिले, तिच्यातून धूर निघत नव्हता. हे बोलणे सर्वांच्याच पोटात होते आणि वर्षभर कोणी ओठांवर आणिले नव्हते. प्रस्तुत लेखकासही ते समयी गलबलून आले, हे लपविण्यात अर्थ नाही.

आनंदीबाई त्यांच्याजवळ फरशीवरच बसल्या. "भिवाजी, सुईवर राहिलेलं कुणाच्या डोक्यात घालता येत नाही," त्या म्हणाल्या. "हे बंद करा. सुया तुमच्याच आहेत, संध्याकाळी पुन्हा टाके चढवा. मी कुठे नको म्हणते?"

भिवाजीरावांनी खोलीत पाहिले. आत मंजुळाबाई पोरीस मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पोरीचे डोके उघडे होते. मग त्यांणी कात्री मागितली.

आनंदीबाईंनी जागा दाखविली. भिवाजीरावांनी एकच टाका कापिला आणि धागा ओढीत नेला, आणि दोन महिन्यांची पट्टी एका ओळीवर अलगद उकलून दोन तुकडे जाहाले. काशीबाईंनी डोळे मिटून घेतले. दोन्ही तुकड्यांचे टाके उघडे पडले, ते भिवाजीरावांनी एकेक करून सुयांवर घेतले, एकही निसटू दिला नाही. आणि लहान तुकड्याचे टाके आनंदीबाईंच्या देखरेखीखाली बंद करीत गेले, एकावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, कपाळास घाम, बाहेर पौषाची थंडी. शेवटल्या टाक्यातून लोकर ओवून घेतली आणि थोडा वेळ तशीच धरून राहिले. उकलते की काय, हे पाहात होते. उकलले नाही. मग तुकडा दुमडून मागून शिवला, बाईंनी क्रोशाने साखळीचे दोन बंद करून दिले, आणि दुपारच्या आत टोपडे तयार जाहाले, अर्धे निळे, अर्धे काशीबाईंच्या मफलरचे तपकिरी.

बारसे थाटात जाहाले. टोपडे पोरीच्या नाकापावेतो येत होते. राधाबाईंनी ते दोन बोटांनी वर सारिले, ते पुन्हा खाली आले, पुन्हा सारिले, आणि शेवटी निवाडा दिला की पोर वाढतली. काशीबाईंनी आपले टोपडे फळीवरून उचलून पदरात बांधिले आणि बाकी सर्व बायकांहून मोठ्याने पाळणा म्हणू लागल्या. ठाकूरद्वाराहून माधवरावही पेढे घेऊन आले होते. भिवाजीरावांनी त्यांस आलिंगन दिले, ते त्यांस दोन दिवस दुखत होते.

संध्याकाळी भिवाजीराव पुन्हा गॅलरीत बसले आणि उरलेली पट्टी पुढे चालू जाहाली. त्याउपरी चाळीत जे जे मूल जन्मास आले त्यास त्या पट्टीचा एक तुकडा कापून टोपडे मिळाले. एका टोकास विणणे, दुसऱ्या टोकास कापणे, साचाखाते आणि ताकाखाते दोन्ही एकाच हाती. गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला नाही. संप संपला ऐसा निरोप घेऊन आजतागायत कोणी आले नाही. भिवाजीराव पुढे एका इमारतीत पहारेकरी जाहाले, ती इमारत त्यांच्याच साचाखात्याच्या जागेवर उभी होती, आणि खुर्चीखाली लोकरीची पिशवी होती. पोर वाढली, सासरी गेली. यंदा तिला मुलगा जाहाला आणि त्याच्या बारशास तेच निळे-तपकिरी टोपडे पेटीतून निघाले. ते त्याच्याही नाकापावेतो आले.

येणेप्रमाणे पिंपळवाल्या चाळीच्या भिवाजीरावांची फत्ते जाहाली, ती येथे सर्वांसमक्ष रुजू केली आहे. दादरच्या दुकानाची आवई ज्यास अद्याप खरी वाटत असेल त्याने हुज्जत न घालता टोपडे उलटून पाहावे. निळी लोकर संपून तपकिरी सुरू होते तेथे एक बारीक गाठ आहे. ती डोळ्यांस दिसणार नाही, बोटाने चाचपावी लागेल. आणि सापडली की खुशाल ओढून पाहावी.