बोगनवेलीचं पाणी तोडलं

परसात ऊन यायचं ते एकाच कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्याला दावेदार दोन. एक मास्तरांची बोगनवेल आणि दुसरी बायकोची कपडे वाळत घालायची दोरी. वेल आधी आली होती म्हणून दोरी सावलीत लोंबत होती आणि घरातले टॉवेल बारा महिने कुबट वास मारत होते.

"अहो, एक फूल दाखवा मला," बायकोनं विषय मिटवायचं ठरवलं होतं. "इतके उन्हाळे गेले, नुसता पाला. महिनाअखेरपर्यंत फुलली तर राहील. नाहीतर मुळासकट काढायची आणि तिथं दोरी बांधायची."

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता, त्यामुळे रस्त्यावर त्यांच्या शब्दाला वजन होतं. घरात अशी काही सोय नव्हती. पडद्यांच्या रंगापासून चहाच्या कपांपर्यंत सगळं इतरांच्या पसंतीचं होतं. एवढी एक वेल त्यांनी स्वतः निवडून, काडी लावून वाढवली होती, आणि तिच्यावर त्यांचा मनापासून जीव होता.

त्यांनी मोबाईलवर शोधाशोध केली तेव्हा चूक कळली. बोगनवेलीला ऊन हवं भरपूर आणि पाणी बेताचं. लाड केले की ती पानं काढत बसते, तहानेनं जिवावर बेतलं की फुलते. रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "आजपासून वेलीला पाणी बंद. कुणीही घालायचं नाही."

"एवढ्या उन्हात?" सासरे दचकले. उभा जन्म अग्निशमन दलात गेलेला, निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आलेले. कोरडं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. "जावईबापू, मरेल हो ती."

"मरत नाही. घाबरते. घाबरली की फुलते."

"आमच्या वॉर्डात असं करून बघू का?" मुलीनं विचारलं. ती नर्स होती.

पाणी तोडल्यावर वेल माना टाकेल अशी मास्तरांची अपेक्षा होती. तिनं नवे धुमारे काढले. पानं तेलपाणी केल्यासारखी चकाकू लागली. मास्तरांनी विचार केला आणि जमिनीखाली नळ गळत असणार असा निष्कर्ष काढला. प्लंबर आला. त्यानं कोपरा खणला, पाइप ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि सांगता सांगता त्याच पाइपावर पहार घातली. घराचं पाणी गेलं. नवा तुकडा आणतो म्हणून गेलेला प्लंबर फोन उचलेना.

शेजाऱ्यांकडून बादल्या आणण्याची वेळ आली. माणसांना तोंड धुवायला पाणी पुरेना, आणि वेलीच्या बुडाशी मात्र चिखल. मास्तरांची मती गुंग झाली.

एके दुपारी शिकणारी बाई आली नाही म्हणून ते लवकर घरी परतले. परसातून भांडणाचा आवाज येत होता. बायकोच्या हातात भाजी धुतलेल्या पाण्याचं पातेलं होतं, सासऱ्यांच्या हातात बादली, आणि मुलगी वेलीच्या बुंध्याला सलाइनची बाटली उलटी बांधत होती. तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. तो आत्ता लागला होता.

"बाबा, तुम्हीसुद्धा?" बायको सासऱ्यांना विचारत होती.

"मी काय, एकच बादली. धग तेवढी कमी व्हावी."

"आत साधंच पाणी आहे, बाबा," मुलीनं मास्तरांना पाहिलं. "थेंबथेंब जातं. इतकं तर आम्ही अत्यवस्थ पेशंटलाही देतो."

मास्तर बायकोकडे वळले. "तूच हिला उपटायला निघाली होतीस ना?"

"उपटायची तेव्हा उपटू," बायको फणकारली. "पण आहे तोवर तहानलेली ठेवायची का?"

मास्तरांनी हात टेकले. "घाला पाणी. पण शिस्तीत. सकाळी बाबा, दुपारी तू, संध्याकाळी पोरगी. माझा आता त्या वेलीशी संबंध नाही." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. परसाचं दार त्यांनी त्या दिवसापासून उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी उशिरानं प्लंबर उगवला, नळ सुरू झाला. सासऱ्यांचे गुडघे दुखू लागले. दुपारची वेळ बायकोच्या डुलकीची निघाली. मुलीच्या ड्यूट्या बदलल्या. चोरून घालताना प्रत्येकाला जी मजा वाटत होती ती वाटून दिल्यावर राहिली नाही, आणि बाकीचे दोघं घालतच असतील याची तिघांनाही खात्री होती.

महिना संपला तसे मास्तर कुदळ घेऊन परसात गेले. जमिनीला भेगा पडल्या होत्या. वेलीवर पान शोधावं लागत होतं. पण भिंत दिसत नव्हती, इतकी ती गुलाबी रंगानं फुलली होती. मास्तरांनी कुदळ खाली ठेवली आणि त्यांचे डोळे भरून आले.

संध्याकाळी सासऱ्यांनी त्यांना बाजूला घेतलं. "जावईबापू, माझी पाळी तुम्हीच केलीत ना? बोलला नाहीत, पण कळलं मला." मग मुलगी येऊन बिलगली. "सॉरी, बाबा. माझं पाणी तुम्ही घालत होतात."

शेवटी बायको आली. तिचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. "एवढे चिडलेले असूनही माझ्या वाटचं करत राहिलात. दोरी मी गच्चीवर बांधते. आणि उद्यापासून वेलीचं मी बघते, नक्की."

"अजिबात नाही!" मास्तर ओरडलेच. मग सावरून म्हणाले, "तुला कामं कमी आहेत का? माझं मीच करीन."

तेव्हापासून मास्तर रोज सकाळी सगळ्यांच्या देखत झारी घेऊन परसात जातात आणि वेलीपाशी ती वाकडी करून उभे राहतात. झारी रिकामी असते. सासरे खिडकीतून लक्ष ठेवून असतात.

"जावईबापू, थोडं डावीकडे," ते सांगतात. "तिकडे कोरडं राहतंय."

मास्तर निमूटपणे झारी डावीकडे धरतात.