सुभेदार माने यांचा डावा पाय

सुभेदार माने स्वतःच्या डाव्या पायाशी बोलत असत. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं. "डाव्या, आता तुजी पाळी न्हाई. गप ऱ्हा." कोयनानगरच्या धरण वसाहतीत नवा आलेला माणूस दचकायचा. आम्ही त्याला सांगायचो, घाबरू नका, सुभेदार नाच शिकतायत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माने मूळचे मेढ्याकडचे. फौजेतून पेन्शनीत आले आणि प्रकल्पाच्या भांडारात स्टोअरकीपर झाले. मी त्यांच्या हाताखाली क्लार्क. एक खिळा द्यायचा असला तरी ते उभे राहून देत. त्या वर्षी एका इंजिनिअरसाहेबांच्या पत्नीनं, डिसोझाबाईंनी, क्लबात दर शनिवारी संध्याकाळी विलायती नाच शिकवायचं काढलं. अट एकच, जोडीनं यायचं. साहेबलोकांच्या चार जोड्या आल्या. आमच्यातल्या कुणाचीच बायको तयार होईना. माझी म्हणाली, "चार लोकांत नवऱ्याच्या गळ्यात हात घालू? माहेरी कळलं तर?"

पन्नाशी उलटलेल्या, विधुर सुभेदारांनी मात्र पहिल्याच दिवशी नाव दिलं आणि दुसऱ्या दिवशी मला समोर उभं केलं.

"शिंदे, तुमी बाई व्हायचं."

"मी?"

"मग काय मी? मला मिशा हायत. आन् लाज कसली, गड्या? तमाशात मावशीचं सोंग आलं की पोट धरून हसता न्हवं?"

हुकूम तो हुकूम. मी बाई झालो.

नाच तीन ठेक्यांचा होता आणि तिथंच सगळं अडलं. फौजेत 'एक' म्हटलं की डावा पाय पडणार. या नाचात पहिल्या 'एक'ला डावा, तर पुढच्या 'एक'ला उजवा. इतकी वर्षं कवायत केलेला पाय हे मान्यच करीना. परेडमध्ये चुकलेला शिपाई 'कदम बदल' म्हणून मध्येच उडी मारतो, तशी उडी सुभेदार दर दुसऱ्या 'एक'ला मारत आणि थेट माझ्या अंगठ्यावर उतरत.

"सुभेदार, तरंगा! तरंगा!" डिसोझाबाई ओरडायच्या.

"तरंगतोय मॅडम," ते ताठ मानेनं सांगत, "पर पाय हुकमाबिगर उचलत न्हाई."

माणूस हटला नाही. सिमेंटच्या पोत्यांमधल्या वाटेवर त्यांनी खडूनं पावलं काढली, त्यांची आणि माझी, आणि जेवणाच्या सुट्टीत आमचा सराव सुरू झाला. एकदा मोठे साहेब न सांगता तपासणीला आले. ती पावलं पाहून त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"चोरी झाली काय?"

"न्हाई, सर."

"मग हा माणूस इथून गेला कुठं?"

"कुठंच न्हाई, सर. गोल फिरून जाग्यावर आला."

सहाव्या शनिवारी ती उडी गेली. त्यांचा हात माझ्या पाठीवर असायचा, काचेचं सामान धरावं तसा हलका. मला त्या माणसाचा अभिमान वाटला. त्या वयात शून्यापासून शिकायचं आणि तेही लोक हसत असताना. मला ते जमलं नसतं. जमलं नाहीच, हे आता सांगायला हवं.

क्लबच्या संमेलनात सगळ्या जोड्या नाचणार होत्या. नेमका त्याच दिवशी सांगलीहून माझा मेहुणा आला.

"दाजी, ऐकलं ते खरं हाय व्हय? तुमी बाई? लय भारी! आक्के, दाजींना तुजं लुगडं दे की गं!"

बायको तोंडाला पदर लावून हसली. मी पोटात कळ आल्याचं सांगून अंथरुणात शिरलो. सुभेदारांना साधा निरोपही पाठवला नाही.

पुढचं मेहुण्यानं तिथं जाऊन पाहिलं आणि मला सांगितलं. सुभेदार कडक इस्त्रीच्या कपड्यांत दाराकडं बघत उभे होते. रेकॉर्ड सुरू झाली. थोडा वेळ ते तसेच थांबले. मग समोर कुणीतरी असल्यासारखे हात धरून एकटेच नाचले. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली.

हा किस्सा मी नंतर कित्येक वर्षं लग्नाकार्यात सांगत आलो. 'सुभेदाराला येड लागलं, हवेबरोबर नाचला,' असा. दर वेळी हशा पिकला. त्या वेळी मी कुठं होतो, ते कधी सांगितलं नाही. त्यांना वेड लागलेलं नव्हतं. मी गेलो नव्हतो. डिसोझाबाईंनी पुढं मला सांगितलं की अख्ख्या रेकॉर्डभर त्यांचं एकही पाऊल चुकलं नाही. आणि जोडीदार कुठाय, असं विचारल्यावर ते म्हणाले होते, "शिंद्याला मीच ड्यूटीवर धाडलाय."

सोमवारी भांडारात मी शिव्यांची वाट बघत मान खाली घालून बसलो होतो. ते समोर येऊन बसले.

"पोट कसं हाय? तुमचा मेहुणा सांगत हुता."

"बरं आहे. साहेब, तो नाच... तुमची सगळी मेहनत..."

"नाचाचं काय न्हाई रं." त्यांनी समोरचं रजिस्टर मिटून बाजूला सारलं. "मंडळी जाऊन नऊ वर्सं झाली. लोक सलाम ठोकत्यात, पाया पडत्यात. हात कोन हातात घेत न्हाई. शनिवारी तेवढं बरं वाटायचं, गड्या."

त्यांचा हात टेबलावर होता. माझाही होता, वीतभर अंतरावर. मी माझा उचलला आणि पेन घेतलं.