नीलव्वाच्या घरचं आवतण

"कोण सांगेल, नीलव्वा काय म्हणाली?" अजमल सरांनी विचारलं आणि संयोगिताचा हात लगेच वर गेला.

विश्रामबागेतल्या एका कॉलेजात अजमल सरांचं शिबिर चाललं होतं. जात, धर्म, भाषा यांवरून मुलामुलींत तेढ आली, तर ती सोडवणारे विद्यार्थी-मित्र तयार करायचे होते. वीस जणांतून एकच प्रमुख निवडला जाणार होता आणि तो मान आपलाच, हे रहिमतपूरच्या संयोगितानं परस्पर ठरवून टाकलं होतं. आजचा खेळ असा, की एकानं घरच्या भाषेत मन मोकळं करायचं आणि दुसऱ्यानं नीट ऐकून अर्थ सांगायचा. तिच्या वाट्याला आली जतकडची नीलव्वा. ती पाच मिनिटं कानडीत बोलली. संयोगिताला दोनच शब्द कळले, 'मने' म्हणजे घर आणि 'ऊटा' म्हणजे जेवण.

"सर, ती आपल्या सगळ्यांना घरी जेवायला बोलावतीय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नीलव्वानं काही सांगायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. सरांनी तिथल्या तिथं रविवार ठरवला, गाडीही सांगितली.

गाडी जतच्या वाटेला लागल्यावर संयोगितानं हळूच विचारलं, "नीलव्वा, खरं सांग, तू काय म्हनली हुतीस?"

"हॉस्टेलचं जेवन घशाखाली उतरत न्हाई, घरची लय आठवन येती, म्हनलं."

"आगं, मग तवाच सांगायचं न्हाई व्हय!"

"सांगनारच हुते. पर सगळी एवढी खूश झाली... आन् आमच्याकडं कोन येतंय गं?"

नीलव्वाच्या दारात अख्खी वस्ती लोटली होती. तीन चुलींवर ज्वारीच्या भाकरी फुगत होत्या. पाहुण्यांना हातपाय धुवायला टँकरचं पाणी पिंपभर राखून ठेवलं होतं. ते पिंप बघून संयोगितानं हातातला घास ताटात ठेवला. ती ताटावरून उठलीच.

"सर, माझी चूक झाली. नीलव्वानं बोलावलंच न्हवतं. मला कानडी कळत न्हाई."

सगळ्यांचे हात थांबले. नीलव्वानं वडलांना ते कानडीत सांगितलं. ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, मग काहीतरी बोलले, तशी वस्तीही हसत सुटली.

"काय म्हनले?" संयोगितानं नीलव्वाला विचारलं.

"म्हनत्यात, न बोलावता जायची रीत चांगली हाय. फुडच्या रविवारी आमी तीस जन रहिमतपूरला येतो."

मैत्रिणीची चूक न दाखवता सगळ्यांना एका पंगतीला बसवलं म्हणून अजमल सरांनी तिथंच प्रमुख म्हणून नीलव्वाचं नाव जाहीर केलं. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या संयोगितानं वाजवल्या आणि लगोलग घरी फोन लावला.

"येऊ देत की," आई, शालूबाई, म्हणाली. "पर त्यास्नी मराठी येतं का? बोलायचं कुनी?"

"आई, तू काळजीच करू नगंस," संयोगिता उत्साहानं म्हणाली, "मी हाय की!"