चतकोराची साक्ष

श्रीअन्नपूर्णेस दंडवत, जिने माणसास भूक दिली आणि भुकेसंगे लाजही दिली. पैकी लाज अलीकडे कोणी वाढून घेत नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्षातील रविवारचे हे वर्तमान. राज्याचे नाव पुसू नये. ज्यास ओळखू येईल त्याने गप बसावे.

त्या राज्यी हैबतराव नामे सरदार. हाताखाली माणसे उदंड, कचेरी काचेची, उणे काही नाही. परंतु मातुश्री वृद्ध, स्मृती ढळलेली, त्यांनी एके सकाळी सरदारांचे मुख न्याहाळिले आणि बोलिल्या, "हा माझा हैबती नव्हे. हा तोतया आहे. माझा पोर कोठे ठेविलास?" वैद्य म्हणाले, वयाचा दोष. सुनबाई हसल्या आणि सरदारही हसले. मग रोज हेच होऊ लागले, त्यांच्या हातचे पाणी बाई घेईनात, आणि सरदारांस दाढी करिते समयी आरशात पाहवेना. तेव्हा मनी योजिले, की वसतिगृहात एका खोलीत वाढलेला सखा नागोजी, जो तालुक्यास मंडप आणि भांडी भाड्याने देतो, त्यास बोलवावे, उत्तम खाऊ घालावे, मग घरी न्यावे, आणि त्याने मातुश्रींपुढे साक्ष द्यावी की हाच हैबती. नागोजीवर बाईंचा भरवसा. तो हो म्हणेल तर पाणी घेतील.

मग नगरातील अति थोर भोजनगृह नेमिले. तेथे न्याहारी नव्हे आणि जेवणही नव्हे, मधलेच काही खातात, त्यास ब्रंच म्हणतात. कष्टकऱ्याचा अर्धा दिवस घामात जातो तेव्हा ही मंडळी डोळे चोळीत येतात आणि भुकेचे सोंग करितात. गाणे चाले, गाणारा दिसेना. भिंती आरशांच्या. आणि सारे सरदार एकाच वेषाचे, पांढरा सदरा, मनगटी काळे घड्याळ. एक हसला की अवघा महाल हसे, आणि एकदमच थांबे.

नागोजी आले, कडकडून भेटले आणि म्हणाले, "हैबत्या, लेका, ही बशी की परात? आणि मध्ये एवढासा खाऊ! माझ्या मंडपात असे वाढले तर वरबाप मला खांबास बांधील." दोघे पोटभर हसले. मग भाजलेल्या पावावर हिरवे परदेशी फळ लिंपून आले. नागोजींनी आपल्या पावाचा चतकोर मोडिला, सरदारांच्या बशीत ठेविला आणि हात मांडीवर घेऊन बसले. सरदारांनी मनी म्हटले, गावचा माणूस, रुचले नसेल. त्यांनी तो तुकडा काठास सारिला आणि आपण खाऊ लागले. नागोजी पाहत राहिले.

मग सरदार हात धुवावयास उठले आणि परतून बसले. मंडळी म्हणाली, "या, या, तुमच्याच गोष्टी चालल्या होत्या!" सरदारांनी नव्या बंगल्याचे सांगितले, मुलाच्या परदेशाचे सांगितले, आणि एक बाई बोलिल्या, "अय्या, तू अगदी तस्साच आहेस रे!" मग सरदारांनी बशीतले खाल्ले. मग सहज मान वळली, तो दूर आरशापाशी नागोजी एकटे, आणि त्यांच्यासमोरची सरदारांची खुर्ची रिकामी. ही मंडळी कोण, हे सरदारांस ठाऊक नव्हते. हा कोण, हे मंडळींसही ठाऊक नव्हते. तरी कोणी अडविले नाही. सरदार उठले तरी बोलणे तुटले नाही, त्या जागी तसलाच दुसरा पांढरा सदरा येऊन बसला आणि त्या बाई म्हणाल्या, "अय्या, तू अगदी तस्साच आहेस रे!"

सरदार घाम पुसत आपल्या जागी आले. "नाग्या, चल घरी. आई वाट पाहते."

"आधी सांग, हे काय?" नागोजींनी तुकड्यावर बोट ठेविले.

"काय म्हणजे? पाव आहे."

"खानावळीत पहिल्या घासाआधी चतकोर तू माझ्या ताटात घालायचास आणि मी तुझ्या. तापात पडलो तरी चुकला नाही. नेम तूच काढलास. मावशी, तुझी आई, भेटीस आली, तिने पाहिले, आणि म्हणाली, पोरांनो, कुठेही गेलात तरी यावरून एकमेकांस ओळखाल."

सरदारांनी आठवून पाहिले. जिना आठवला, आमटीचा वास आठवला, पण सारे दुसऱ्या कोणी सांगितल्यासारखे. आणि चतकोर कोठेच नाही. मग घाईने आपला तुकडा मोडून नागोजींच्या बशीत ठेविला.

"आता सांगितल्यावर कोणीही ठेवील," नागोजी हळू बोलिले. त्यांनी खुर्ची मागे सारिली, आणि त्यांच्या तोंडचा हैबत्या गेला. "साहेब, खाणे छान होते. मावशीपुढे मी लटके बोलणार नाही. माझा मित्र तुम्हांस कधी भेटला, तर त्यास म्हणावे, नाग्या अजून चतकोर काढून ठेवितो."

मग सरदार एकटेच घरी आले. दार लोटिले, तो आतून मातुश्रींनी पुसिले, "कोण?" रोज सरदार 'मी, हैबती' म्हणत. ते दिवशी उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि शब्द फुटेना. मग बाई शांत स्वरे बोलिल्या, "बरे. आज लटके बोलला नाहीस. ये, बैस." आणि दाराशी आलेल्या वाटसरूस द्यावे तसे पाण्याचे भांडे पुढे केले. सरदार ते प्याले.

येणेप्रमाणे तोतयाचे प्रकरण जाहले. खऱ्या हैबतीचा शोध कोणी केला नाही. ब्रंच दर रविवारी होते, आणि खुर्ची एकही रिकामी राहत नाही.